जन्मतारीख दुरुस्त केली की निवृत्तीची तारीख बिघडते (जावा, तारखांचं गणित)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. एका शिक्षणसंस्थेच्या आस्थापना विभागाचं सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडं आलंय. मागं जावा, पुढं ब्राउझरमधला फॉर्म. येत्या दोन वर्षांत कोण कोण निवृत्त होणार, याची यादी त्यातून काढायची असते.

आपल्याकडं १ जूनला जन्मलेले किती, हे सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला आणि तीच तारीख सेवापुस्तकापर्यंत गेली. आता या यादीत त्या सगळ्यांची जन्मतारीख ३१ मे दिसायलीय. सेवापुस्तकात १ जून १९६८, यादीत ३१ मे १९६८. निवृत्तीची तारीख मात्र बरोबर यायलीय, ३१ मे २०२६.

एका नोंदीत डेटाबेसमध्ये जाऊन जन्मतारीख १ जून करून बघितली, तर निवृत्ती ३० जून २०२६ झाली. आस्थापनेतले भाऊसाहेब म्हणायलेत, आधी बरोबर होतं ते तसंच राहू द्या. पण जन्मतारीख चुकीची ठेवून पेन्शनचे कागद कसे पाठवायचे?

निवृत्ती काढायची ओळ एवढीच आहे:

जन्म.प्लसइयर्स(५८).विथ(लास्टडेऑफमंथ())

म्हणजे जन्मतारखेत ५८ वर्षं मिळवायची आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस घ्यायचा. यात मला काहीच वावगं दिसत नाही. कुणी सांगू शकेल का?

दुधना (जालना)

दादा, निवृत्तीचं नंतर बघू. आधी फॉर्ममधून सर्व्हरकडं नेमकं काय जातंय, ते लॉगमध्ये बघून इथं टाका. अंदाज आहे, पण बघूनच बोलतो.

मांजराकाठ

हे असं जातंय: १९६८-०५-३१टी१८:३०:००.०००झेड

आणि जावामध्ये याची पहिली दहा अक्षरं कापून लोकलडेट (जावातला नुसत्या तारखेचा प्रकार) बनवलीय.

दुधना

मग जन्मतारखेचा उलगडा झाला.

ब्राउझरमधल्या डेटपिकरनं १ जून निवडल्यावर जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट तयार केला. त्या ऑब्जेक्टमध्ये तारीख नसते, एक क्षण असतो: १ जानेवारी १९७० पासूनचे मिलीसेकंद, आधीचा क्षण असेल तर उणे. पिकरनं भारतीय वेळेनुसार १ जूनच्या मध्यरात्रीचा क्षण धरला. तो जेसनमध्ये (सर्व्हरकडं माहिती पाठवायच्या मजकुरात) जाताना टूआयएसओस्ट्रिंग होतो, म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिला जातो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणून आपली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा. शेवटचं 'झेड' हेच सांगतं. त्यातली वेळ कापून टाकली की हातात ३१ मे उरतो.

हा प्रकार फक्त १ जूनवाल्यांना झालेला नाही. या फॉर्ममधून भरलेली प्रत्येक जन्मतारीख एक दिवस मागं गेली असणार. १५ जूनचा १४ जून झाला तर महिना तोच राहतो, निवृत्तीही तीच येते, कुणाच्या नजरेत येत नाही.

जन्मतारखेला वेळही नसते आणि टाइमझोनही नसतो. ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत ती '१९६८-०६-०१' अशी साधी स्ट्रिंगच न्या. जावात लोकलडेट, टेबलात डेट प्रकारचा कॉलम. मध्ये कुठंही इन्स्टंट, टाइमस्टँप, जुना जावा.युटिल.डेट येऊ देऊ नका.

सिंधफणा (बीड)

दुधना यांनी अर्धं सोडवलं, उरलेलं अर्धं नियमात आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२, नियम १० बघा. ज्या महिन्यात वय ५८ पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्मतारीख महिन्याची १ असेल, तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून १ जूनवाले ३१ मेलाच जातात आणि शाळांमध्ये निरोपसमारंभांची गर्दी मेअखेर असते.

तुमच्या कोडमध्ये १ तारखेचा हा नियम लिहिलेलाच नाही. पण फॉर्मनं जन्मतारीख एक दिवस मागं ढकलल्यामुळं १ जूनचा माणूस आपोआप मे महिन्यात गेला आणि उत्तर बरोबर आलं. एका चुकीनं दुसरी झाकली होती. तुम्ही पहिली काढली तशी दुसरी उघडी पडली. तेव्हा भाऊसाहेबांचंही बरोबर आहे आणि तुमचंही.

नियम कोडमध्ये असा लिहा:

जन्म.मायनसडेज(१).प्लसइयर्स(५८).विथ(लास्टडेऑफमंथ())

'१ तारीख असेल तर' असं वेगळं इफ घालायची गरज नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वर्ष पूर्ण होतं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानंही १९८६ मध्ये मान्य केलेलं आहे. नियम १० त्याच हिशोबानं चालतो. मायनसडेज(१) म्हणजे तो आदला दिवस. १ जून १९६८ चा ३१ मे १९६८, त्यात ५८ वर्षं मिळवली की ३१ मे २०२६, महिनाअखेर तीच. १५ जून १९६८ चा १४ जून, पुढं ३० जून २०२६.

१ मार्च १९६८ सुद्धा तपासा. आदला दिवस २९ फेब्रुवारी १९६८. २०२६ हे लीप वर्ष नाही, तेव्हा प्लसइयर्स त्याला २८ फेब्रुवारीवर आणून ठेवतं. आणि १ मार्च १९६६ चा आदला दिवस २८ फेब्रुवारी १९६६, ५८ वर्षांनी २८ फेब्रुवारी २०२४, पण ते लीप वर्ष, म्हणून महिनाअखेर २९. दोन्ही उत्तरं बरोबर येतात. ही दोन उदाहरणं टेस्टमध्ये कायमची ठेवा.

मांजराकाठ

डोक्यात लख्ख उजेड पडला. खूप आभार दोघांचे.

मग आता सगळ्या जन्मतारखांत एक दिवस मिळवायची अपडेट क्वेरी चालवू का? रात्रीतून काम होईल.

दुधना

नका चालवू. आधी दोन गोष्टी बघा.

एक, सगळ्या नोंदी फॉर्ममधूनच आल्यात का? सॉफ्टवेअर सुरू करताना जुनी माहिती बहुतेक एक्सेलमधून भरतात. त्या नोंदी बरोबर असतील, त्यात एक दिवस मिळवला तर १ जूनचा २ जून होईल आणि निवृत्ती थेट महिनाभर पुढं जाईल.

दोन, ज्या नोंदी नंतर उघडून पुन्हा सेव्ह केल्या त्यांचं काय झालंय? काही डेटपिकर तारीख वाचली की परत स्थानिक मध्यरात्रीवर नेतात. असा पिकर असेल तर प्रत्येक सेव्हला तारीख आणखी एक दिवस मागं सरकते. कुणी फक्त मोबाइल नंबर बदलायला नोंद उघडली, तरी जन्मतारीख ३१ मेची ३० मे. अशांना एक दिवस मिळवून भागणार नाही.

ऑडिट टेबल (झालेल्या बदलांची नोंद ठेवणारं) असेल तर कोणत्या नोंदीला किती वेळा हात लागला ते कळेल. नसेल तर सेवापुस्तक हाच आधार. निवृत्तीला जवळ आलेल्यांपासून सुरू करा आणि भाऊसाहेबांना सोबत बसवा. वेळ जाईल, पण माणसाच्या पेन्शनचा प्रश्न आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

ऑडिट टेबलात पूर्ण टाइमस्टँप सापडला तर त्यात हातानं साडेपाच तास मिळवू नका, झोनचं नाव देऊन फिरवा: अ‍ॅटझोन(झोनआयडी.ऑफ("एशिया/कोलकाता")).

कारण भारताची वेळ कायम साडेपाच तास पुढं नव्हती. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढं केली होती. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ हा सलग काळ साडेसहा तासांचा आहे, त्याआधी १९४१-४२ मध्येही काही महिने तसेच आहेत. संस्थेच्या जुन्या पेन्शनरांत १ जून १९४३ चा कुणी असेल, तर ब्राउझरनं त्याची मध्यरात्र ३१ मे संध्याकाळी साडेपाच यूटीसी अशी पाठवली असणार. त्यात साडेपाच तास मिळवले तर रात्रीचे अकरा वाजतात, तारीख ३१ मेच. झोनचं नाव दिलं तर १ जून येतो.

आज ऐंशीच्या पुढं असलेल्या शिक्षकांच्या पिढीत हे हमखास भेटतं.

विष्णुपुरी (नांदेड)

मी शेवटच्या वर्षाला आहे. पायथॉनमध्ये पायटीझेड ही टाइमझोनची लायब्ररी वापरून एशिया/कोलकाता हा झोन थेट डेटटाइमच्या कन्स्ट्रक्टरला दिला, तर साडेपाचऐवजी ५ तास ५३ मिनिटं दिसायलीत. हे पण युद्धाचंच का?

बालाघाट

नाही, ते त्याच्याही आधीचं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली, ८२.५ अंश पूर्व रेखांशावर. त्याआधी गावोगावी स्थानिक वेळ चालायची. डेटाबेसमधल्या या झोनच्या इतिहासात सर्वांत जुनी नोंद कलकत्त्याच्या स्थानिक वेळेची आहे, ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. पायटीझेडचा झोन कन्स्ट्रक्टरला तसाच दिला की ती पहिली नोंद उचलली जाते. पायथॉन ३.९ पासून झोनइन्फो आहे, तो वापर. जुन्या प्रोजेक्टमध्ये पायटीझेड काढता येत नसेल तर त्याची लोकलाइझ पद्धत वापरावी लागते.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

विषय निघालाच आहे तर आणखी एक. इथं कुणी निजामकाळच्या नोंदींचं डिजिटायझेशन करत असेल तर फसली सनाचा (तिथल्या महसुली वर्षाचा) इसवी सन काढायला सरसकट ५९० मिळवू नका. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं. त्यामुळं ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९०, जानेवारीपासून पुढं ५९१. जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा आहे आणि तो ऑगस्ट १९४९ मध्ये आला, यावरून पडताळून बघता येईल.

जावात हिजरी, जपानी, थाई बौद्ध, तैवानचं मिंगुओ अशी कॅलेंडरं तयार मिळतात, फसली नाही. मी मूळ नोंद जशी आहे तशी एका वेगळ्या क्लासमध्ये ठेवतो: सन, महिन्याचं नाव, दिवस. इसवी तारीख काढायची मेथड त्याच क्लासवर. कागदावर फक्त सन असेल तर ती मेथड एक तारीख देत नाही, पासून आणि पर्यंत अशा दोन तारखा देते. कागदानं जेवढं सांगितलं नाही तेवढं प्रोग्रामनं सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. जमिनीच्या आणि जातीच्या दाखल्यांत या नोंदी वापरल्या जातात.

तेरणा (धाराशिव)

मी उसाच्या बिलांचं सॉफ्टवेअर बघतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. एका जुन्या प्रोग्राममध्ये मी हे बघितलं:

देयतारीख.प्लसडेज(१४);

एवढंच. पुढच्या ओळीत देयतारीख वापरलीय आणि ती ऊस घातल्याचीच तारीख आहे. कंपाइलर काही बोलत नाही, प्रोग्राम चालतो, व्याज मात्र १४ दिवसांचं जास्त. लोकलडेट बदलत नाही, प्लसडेज नवी तारीख बनवून परत देतं. ती कुणी धरून ठेवली नाही तर गेली. बरोबर ओळ अशी हवी: देयतारीख = घातलेलीतारीख.प्लसडेज(१४);

जुन्या कॅलेंडर क्लासमध्ये अ‍ॅड केलं की तोच ऑब्जेक्ट बदलायचा. त्या सवयीच्या लोकांकडून ही ओळ लिहिली जाते.

विष्णुपुरी

सर, मग जुनी पद्धतच सोपी नाही का? ऑब्जेक्ट एकच, त्यातच बदल.

तेरणा

समज, एका शेतकऱ्याच्या बिलाचा ऑब्जेक्ट आहे आणि त्यात तारखेचा ऑब्जेक्ट. बिलाकडून तारीख मागून घेतलीस आणि व्याज काढायला त्यात १४ दिवस मिळवलेस. जुन्या पद्धतीत बिलातली मूळ तारीखच बदलली, कारण दोघांकडं एकच ऑब्जेक्ट आहे. आता पावती छापली तर ऊस घातल्याची तारीख दोन आठवडे पुढची. चूक व्याजाच्या फाइलमध्ये आणि दिसते पावतीच्या फाइलमध्ये. शोधत बसावं लागतं.

जावाच्या जुन्या डेट क्लासमध्ये इतरही बरंच होतं. महिने शून्यापासून, म्हणजे जून म्हणजे ५. वर्ष १९०० पासून मोजायचं. जावास्क्रिप्टनं महिन्यांचं हे वळण तसंच घेतलं. जावा ८ मध्ये, मार्च २०१४ ला, जावा.टाइम आलं. ते स्टीफन कोलबोर्न यांच्या जोडा-टाइमच्या अनुभवावर उभं आहे. त्यात तारीख, वेळ, क्षण, कालावधी यांचे क्लास वेगवेगळे केले आणि सगळे न बदलणारे ठेवले.

विष्णुपुरी

आणि दिवसांऐवजी मिलीसेकंद मिळवले तर? आमच्या लॅबमध्ये तसंच शिकवायलेत.

तेरणा

हे करून बघ. १४ * २४ * ६० * ६० * १००० हे इंट मध्ये (जावातल्या साध्या पूर्णांकाच्या प्रकारात) बसतं, १२०,९६,००,००० येतात. २४ दिवसांपर्यंत ठीक चालतं. २५ दिवस टाकले की २१६ कोटी होतात आणि इंटची मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास संपते, मग आकडा उणे होतो. ३० दिवस मिळवायला गेलास तर तारीख जवळपास २० दिवस मागं जाते. १४ दिवसांवर तपासून 'बरोबर आहे' म्हणून पुढं दिलेला कोड पुढं कुणी ३० दिवसांना वापरला की हे घडतं. लाँग हा मोठ्या पूर्णांकाचा प्रकार वापरला तर हा त्रास जातो, पण महिना किती मिलीसेकंदांचा, हा प्रश्न राहतोच. त्याला उत्तर नाही.

व्याजाचं उदाहरणही देतो. ऊस ५ जानेवारी २०२६ ला घातला, मुदत १९ जानेवारी, पैसे २० फेब्रुवारीला. क्रोनोयुनिट.डेज.बिटवीन(मुदत, अदा) म्हणजे ३२. लाख रुपयांवर १५ टक्क्यांनं, ३६५ दिवसांचं वर्ष धरून, १,३१५ रुपये ७ पैसे. इथं पिरियड.बिटवीन वापरून गेटडेज घेतलं तर १ मिळतो, कारण पिरियड '१ महिना १ दिवस' असं उत्तर ठेवतो आणि गेटडेज त्यातला फक्त दिवसांचा भाग देतो. शेतकऱ्याला १,३१५ च्या जागी ४१ रुपये. हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात घातक नाव आहे, कारण वाचताना बरोबर वाटतं.

सिंधफणा

तेरणा यांच्याशी पूर्ण सहमत. याचीच दुसरी बाजू मांजराकाठ यांना पेन्शनच्या प्रस्तावात लागेल, कारण सेवेचा कालावधी वर्षं-महिने-दिवस असाच लिहावा लागतो. तिथं पिरियड योग्य. फक्त बिटवीन शेवटचा दिवस मोजत नाही आणि सेवेत निवृत्तीचा दिवस मोजायचा असतो. १५ जून १९९४ ला रुजू, ३१ मे २०२६ ला निवृत्त:

पिरियड.बिटवीन(रुजू, निवृत्ती.प्लसडेज(१))

उत्तर ३१ वर्षं ११ महिने १७ दिवस. प्लसडेज विसरलं तर १६ दिवस.

बिनपगारी रजा वजा करताना जपा. २० दिवस आणि १५ दिवस असे दोन पिरियड मिळवले तर ३५ दिवसच राहतात, त्याचा १ महिना ५ दिवस होत नाही. नॉर्मलाइझ्ड ही मेथड फक्त महिन्यांची वर्षं करते, दिवसांना हात लावत नाही. ते योग्यच आहे, महिना २८ चा की ३१ चा हे त्याला कसं कळणार? कार्यालयात ३० दिवसांचा महिना धरत असतील तर तो नियम तुमच्या क्लासमध्ये नाव देऊन लिहा.

मी 'सेवाकालावधी' नावाचा क्लास करतो. त्यात रुजू, निवृत्ती, खंडांची यादी, आणि मोजणी सगळी त्याच्याच आत. उद्या नियम बदलला तर एकाच ठिकाणी हात घालायचा. दहा फाइलींत पसरलेले प्लसडेज(१) शोधत बसायला नको.

दुधना

हप्त्यांचं कुणी करत असेल तर तेही सांगून ठेवतो. ३१ जानेवारीत प्लसमंथ्स(१) केलं की २८ फेब्रुवारी, आणि त्या उत्तरात परत प्लसमंथ्स(१) केलं की २८ मार्च. महिनाअखेरचा हप्ता एकदा घसरला की परत वर येत नाही. म्हणून प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासूनच काढा: सुरुवात.प्लसमंथ्स(क्रमांक). मग मार्चचा ३१ लाच येतो. जावास्क्रिप्टमध्ये याच ठिकाणी ३१ फेब्रुवारी मागितला की तारीख मार्चमध्ये सांडते, तेव्हा ब्राउझरमध्ये एक आणि सर्व्हरवर दुसरं, असं करू नका. हिशोब एकाच बाजूला ठेवा.

तेरणा

सर्व्हर यूटीसीवर असेल तर लोकलडेट.नाऊ() सुद्धा कोरं वापरू नका. आपल्याकडं पहाटे साडेपाचपर्यंत ते कालची तारीख देतं. वजनकाटा रात्रभर चालू असतो, तेव्हा रात्री बारानंतर आलेल्या उसाच्या पावत्यांवर कालची तारीख पडते. नाऊला झोन द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे क्लॉक ऑब्जेक्ट बाहेरून द्या. टेस्टमध्ये क्लॉक.फिक्स्ड देऊन पहाटे तीनची वेळ लावता येते, जागावं लागत नाही.

मांजराकाठ

मंडळी, फॉर्म आता साधी स्ट्रिंग पाठवतोय. निवृत्तीचा नियम मायनसडेजसकट एका क्लासमध्ये आणला. १ जून १९६८, १५ जून १९६८, १ मार्च १९६६, १ मार्च १९६८ या चारही टेस्ट पास झाल्या. एक्सेलमधून आलेल्या नोंदी खरंच बरोबर होत्या, दुधना दादा, तुमचं ऐकलं म्हणून वाचल्या. बाकीच्या नोंदी भाऊसाहेब आणि मी सेवापुस्तकं घेऊन तपासायलोत.

एक राहिलं. यादीत शिपाई आणि प्रयोगशाळा परिचर पण आहेत. त्यांना ५८ च लावायचं का?

सिंधफणा

नाही, गट ड ला ६० आहे. क्लासमध्ये ५८ थेट लिहू नका, गटाप्रमाणं वय बाहेरून द्या. बाकी ओळ तीच चालेल: आदला दिवस, मग वर्षं, मग महिनाअखेर. १ जून १९६६ चा शिपाईही ३१ मे २०२६ लाच निवृत्त होईल, ती पाचवी टेस्ट घाला.